ज्याच्या गाण्यावर आम्ही बाकं बडवायचो, तो फ्रेडी मर्क्युरी आमच्या शेजारच्या पाचगणीत शिकला होता

धप धप टाळी. धप धप टाळी.

तुम्ही झेडपीच्या शाळेत शिकला असा नाहीतर कॉन्व्हेंटमध्ये, ऑफ तासाला हा ठेका बाकावर वाजवलाच असणार. दोनदा बाक बडवायचा, एकदा टाळी मारायची. पाठीमागचा बाक सुरू करतो आणि दहा सेकंदात अख्खा वर्ग त्यात येतो.

आम्ही पण वाजवायचो. मी वाईचा. नववीत असताना एकदा हा ठेका इतका रंगात आला की सर दारात येऊन उभे राहिलेले कुणालाच कळलं नाही. मग शेवटच्या तीन बाकांना अंगठे धरून उभं केलं. त्यात मी होतो.

पण हा ठेका कुणाचा, आला कुठून, याच्याशी आम्हाला काही देणंघेणं नव्हतं. कबड्डीच्या मॅचला वाजतो, गॅदरिंगला वाजतो, म्हणजे तो आपलाच असणार, असं काहीतरी डोक्यात होतं.

दहावीच्या सुट्टीत पुण्याहून आमचा आतेभाऊ आला. आम्ही त्याला नुसतं दादा म्हणायचो. इंजिनिअरिंगला होता, केस वाढवलेले, काळा टी-शर्ट. त्याच्या मोबाईलमध्ये इंग्लिश गाण्यांचा एक फोल्डर होता. संध्याकाळी ढोल्या गणपतीच्या घाटावर कृष्णेत पाय सोडून बसलो होतो. इअरफोनचं एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या. त्यानं एक गाणं लावलं आणि तेच धप धप टाळी सुरू झालं.

मी म्हटलं, हे तर आमचं आहे. दादा हसायला लागला. मग त्यानं सांगितलं की हे क्वीन नावाच्या ब्रिटिश रॉक बँडचं गाणं आहे, १९७७ सालचं.

त्यानंतर त्यानं दुसरं गाणं लावलं. ते सुरू झालं चर्चमध्ये म्हणतात तसं, मग पियानो आला, मग एक माणूस आईला काहीतरी कबुली देतोय असं वाटायला लागलं, मग एकदम नाटकातल्यासारखा कोरस, मग गिटारचा दणका, आणि शेवटी सगळं शांत. सहा मिनिटं. इंग्रजी मला निम्मंही कळलं नव्हतं, पण गाणं संपल्यावर मी ते परत लावायला लावलं. चार वेळा.

मग दादानं सहज सांगितल्यासारखं सांगितलं की हे गाणारा माणूस लहानपणी पाचगणीच्या शाळेत होता.

मला वाटलं, टाकतोय. पाचगणी म्हणजे आमच्या डोक्यावर. वाईतनं पसरणी घाट चढला की पाचगणी. तिथं आमचा मामा स्ट्रॉबेरीच्या सीझनला टेम्पो घेऊन जायचा. लंडनच्या स्टेडियममध्ये लाखभर लोकांना नाचवणारा माणूस तिथं कशाला शिकेल?

घरी जाऊन नेट पॅक मारला आणि शोधलं. दादा टाकत नव्हता.

तर विषय असा आहे की फ्रेडी मर्क्युरीचं खरं नाव होतं फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर. घराणं पारशी, मूळ गुजरातमधल्या बलसारचं, म्हणजे आजच्या वलसाडचं. त्यावरूनच बलसारा. झांझिबारवर तेव्हा इंग्रजांची सत्ता होती आणि वडील बोमी बलसारा तिथल्या कोर्टात कॅशियर होते. आईचं नाव जेर. नंतर एक बहीण झाली, काश्मिरा.

घरची परिस्थिती बरी होती, पण झांझिबारमध्ये शिक्षणाची हवी तशी सोय नव्हती. मग मुलाला भारतात बोर्डिंगला पाठवायचं ठरलं. आठेक वर्षांचा फारुख बोटीत बसला आणि समुद्र ओलांडून मुंबईला आला. तिथनं पाचगणी. सेंट पीटर्स स्कूल.

आता आठ वर्षांचं पोरगं म्हणजे किती, विचार करा. आई-बाप समुद्रापलीकडं. जवळचे नातेवाईक मुंबईत, आजी आणि मावशी. सुट्टी लागली की त्यांच्याकडं जायचं. पाचगणीचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला कळेल, तिथं जुलै-ऑगस्टमध्ये चार-चार दिवस समोरचं झाड दिसत नाही. बोर्डिंगमध्ये राहिलेली पोरं सांगतात की पहिलं वर्ष रात्री उशीत तोंड घालून रडण्यात जातं आणि नंतर माणूस एकतर कोमेजतो, नाहीतर स्वतःची एक वेगळी दुनिया उभी करतो.

फारुखनं दुसरी गोष्ट केली. शाळेतल्या पोरांनी त्याचं फ्रेडी करून टाकलं आणि त्यालाही ते आवडलं. तो टेबल टेनिस चांगला खेळायचा, बॉक्सिंगमध्ये उतरायचा, नाटकात काम करायचा, चित्रं काढायचा. आणि मुख्य म्हणजे पियानो. शाळेनं घरी कळवलं की मुलाला संगीताची जाण आहे, त्याला वेगळी शिकवणी लावा. घरच्यांनी जादाची फी भरली. फ्रेडी पियानोच्या चौथ्या ग्रेडपर्यंत पोचला. एखादं गाणं रेडिओवर ऐकलं की ते तसंच पियानोवर काढून दाखवायचा, असं त्याचे शाळेतले मित्र पुढं सांगत आले.

बारा वर्षांचा असताना शाळेतल्या पाच पोरांनी मिळून बँड काढला. नाव ठेवलं द हेक्टिक्स. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची त्या काळातली गाजलेली गाणी ते शाळेच्या कार्यक्रमात वाजवायचे. गंमत म्हणजे यात मुख्य गायक फ्रेडी नव्हताच. गायचा ब्रूस मरे. फ्रेडी मागं पियानोवर. बाकीच्यांपैकी व्हिक्टरी राणा पुढं नेपाळच्या सैन्यात मोठा अधिकारी झाला, तर डेरिक ब्रँच इंग्लंडमध्ये अभिनेता झाला. जगातला सगळ्यात मोठा रॉक गायक होणारं पोरगं पाचगणीत कोपऱ्यात बसून पियानो वाजवत होतं.

एक गोष्ट मात्र त्याला त्रास द्यायची. त्याच्या तोंडात वरच्या बाजूला चार दात जास्तीचे होते. त्यामुळं पुढचे दात बाहेर आलेले. पोरं चिडवायची. मोठेपणी पैसा आला, तेव्हा ते दात काढून घेणं त्याला काहीच अवघड नव्हतं. पण तोंडातली जागा बदलली तर आवाज बदलेल, या भीतीनं त्यानं ते आयुष्यभर तसेच ठेवले. फोटोत बघा, हसताना बऱ्याचदा तो वरचा ओठ खाली ओढून दात झाकायचा.

हे मी वाचलं तेव्हा माझ्या दातांना तार लावलेली होती आणि वर्गात मला जे नाव पडलं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या दिवसापासून फ्रेडी आपला माणूस झाला.

१९६३ च्या सुमारास फ्रेडी झांझिबारला परत गेला. पण घरी स्थिरावायला वेळच मिळाला नाही. डिसेंबर १९६३ मध्ये झांझिबार स्वतंत्र झालं आणि महिनाभरात, १२ जानेवारी १९६४ ला तिथं क्रांती झाली. सुलतानाला हाकललं, आणि त्या उठावात हजारो अरब आणि भारतीय वंशाची माणसं मारली गेली. बलसारा कुटुंब थोडंफार सामान घेऊन इंग्लंडला पळालं. लंडनच्या पश्चिमेला फेल्थम नावाच्या उपनगरात छोटं घर घेतलं. विमानतळाजवळचा भाग, डोक्यावरून सतत विमानं जाणार.

फ्रेडी तेव्हा सतरा वर्षांचा होता. बारा देशांचं पाणी म्हणतात तसं त्यानं सतरा वर्षांत तीन खंड बघितले होते.

त्या काळचं इंग्लंड आशियाई माणसासाठी सोपं नव्हतं. १९६८ मध्ये इनॉक पॉवेल नावाच्या खासदारानं बाहेरून येणाऱ्या लोकांविरोधात असं भाषण केलं की देशभर वातावरण तापलं. रस्त्यानं जाताना शिव्या पडायच्या. अशा वेळी फारुख बलसारा नावाचा सावळा, दात पुढं असलेला पोरगा रॉक गायक व्हायची स्वप्नं बघत होता. रॉक म्हणजे गोऱ्या पोरांचं क्षेत्र. त्यात असे चेहरे क्वचितच दिसायचे.

शिक्षण चालू होतं. आधी आयलवर्थला कॉलेज, मग ईलिंग आर्ट कॉलेजमध्ये ग्राफिक डिझाईन. सुट्टीत हीथ्रो विमानतळावर पडेल ते काम. १९६९ मध्ये डिप्लोमा झाला. पुढं केन्सिंग्टन मार्केटमध्ये एक छोटा स्टॉल टाकून जुने कपडे विकायचा. त्याच्याबरोबर स्टॉलवर बसायचा रॉजर टेलर, ड्रमवाला.

हा रॉजर आणि गिटारवाला ब्रायन मे यांचा स्माईल नावाचा बँड होता. त्यांचा गायक टिम स्टाफेल हा फ्रेडीचा कॉलेजातला मित्र. फ्रेडी त्यांच्या कार्यक्रमांना जायचा आणि तुम्ही असं करा, तसं करा, कपडे असे घाला, असे सल्ले देत बसायचा. दरम्यान त्यानं आयबेक्स, सोअर मिल्क सी अशा एक-दोन बँडमध्ये गाऊन बघितलं, पण जमलं नाही. १९७० मध्ये टिमनं बँड सोडला आणि सल्ले देणारा आत आला.

आत येताच त्यानं दोन गोष्टी बदलल्या. बँडचं नाव केलं क्वीन, आणि स्वतःचं नाव केलं फ्रेडी मर्क्युरी.

१९७१ मध्ये जॉन डीकन बेस गिटारवर आला आणि चौकडी पूर्ण झाली. या बँडची शैक्षणिक पात्रता ऐकून आपल्याकडचे पालक खुश होतील. ब्रायन मे भौतिकशास्त्र शिकून खगोलशास्त्रात पीएचडी करत होता, ती अर्धवट सोडली आणि २००७ मध्ये पूर्ण केली. रॉजर डेंटलला होता, नंतर बायोलॉजीकडं वळला. डीकन इलेक्ट्रॉनिक्सवाला. आणि फ्रेडी डिझायनर. बँडचं बोधचिन्ह त्यानंच काढलं, त्यात चौघांच्या राशी आहेत. दोन सिंह, एक खेकडा, कन्या राशीच्या दोन पऱ्या, आणि वर पंख पसरलेला फिनिक्स.

१९७३ मध्ये पहिला अल्बम आला, पण फार काही झालं नाही. १९७४ मध्ये फ्रेडीच्या 'किलर क्वीन'नं लोकांचं लक्ष वेधलं. आणि १९७५ मध्ये आलं ते सहा मिनिटांचं गाणं. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'.

हे गाणं तेव्हा वेडेपणाच होता. रेडिओवर गाणी तीन मिनिटांची असायची. यात मुखडा-अंतरा असं काही नाही, एकच ओळ परत परत येईल असं काही नाही. मधला ऑपेराचा भाग ऐकताना शंभर माणसं गातायत असं वाटतं. प्रत्यक्षात गायला तिघं. फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर. कॉम्प्युटर नव्हते. चोवीस ट्रॅकची टेप असायची. त्यावर तिघांनी एकदा गायचं, मग त्यावर परत, मग त्यावर परत. असे थरावर थर चढवत गेले. टेप इतक्या वेळा मशीनमधून फिरली की तिच्यावरचा मुलामा झिजून ती आरपार दिसायला लागली.

आणि हे सगळं कसं जोडायचं, ते एकट्या फ्रेडीच्या डोक्यात होतं. बाकीच्यांना शेवटपर्यंत नीट अंदाज नव्हता.

कंपनीला वाटत होतं की इतकं लांब गाणं कुणी लावणार नाही. मग गाण्याची एक प्रत केनी एव्हरेट या रेडिओ निवेदकाच्या हातात पडली. त्यानं ते शनिवार-रविवारमध्ये चौदा वेळा वाजवलं. सोमवारी लोक दुकानात रेकॉर्ड मागायला लागले आणि रेकॉर्ड अजून आलीच नव्हती. पुढं हे गाणं इंग्लंडमध्ये नऊ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं.

आता आपल्या बाकाच्या ठेक्याकडं येऊ. १९७७ मध्ये एका कार्यक्रमानंतर बँड आत गेला तरी लोक जाईनात. ते सगळे मिळून फुटबॉलच्या मैदानावर म्हणतात ते गाणं म्हणायला लागले. ब्रायन मेच्या डोक्यात आलं की दाटीवाटीनं उभ्या असलेल्या लोकांना काय करता येईल? पाय आपटता येतील आणि टाळी वाजवता येईल. बास. त्यातून 'वुई विल रॉक यू' आलं. नीट ऐका, त्यात ड्रम नाहीतच. स्टुडिओत लाकडी फळ्या टाकून त्यावर पाय आपटले, ते बरेच वेळा रेकॉर्ड करून एकावर एक चढवले. म्हणजे आम्ही वर्गात बाक बडवत होतो ते मूळ गाण्याच्या अगदी जवळचं होतं. आमच्या सरांना हे सांगायचं राहूनच गेलं.

त्याच रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला फ्रेडीचं 'वुई आर द चॅम्पियन्स' होतं. आजही जगात कुठंही कप जिंकला की ते वाजतं.

स्टेजवरचा फ्रेडी हा वेगळाच विषय. सुरुवातीच्या एका कार्यक्रमात माईकचा स्टँड मधेच तुटला. त्यानं तो अर्धा दांडका तसाच हातात धरून कार्यक्रम पूर्ण केला, आणि मग तीच त्याची ओळख झाली. कधी त्याची गिटार करायचा, कधी भाला. एरवी मात्र तो लाजाळू होता. मुलाखती टाळायचा. अनोळखी लोकांत गप्प बसायचा. घरी मांजरं पाळायचा आणि दौऱ्यावर असला की फोन करून त्यांची चौकशी करायचा.

आवाजावर तर शास्त्रज्ञांनी अभ्यास केलाय. २०१६ मध्ये युरोपातल्या काही संशोधकांनी त्याची रेकॉर्डिंग तपासली. त्यात दिसलं की बोलताना त्याचा आवाज खालच्या पट्टीतला होता, पण गाताना तो सहज वर जायचा. आवाजाचं जे कंपन असतं, ते त्याचं सेकंदाला साधारण सात वेळा व्हायचं. इतर गायकांपेक्षा जास्त वेगानं, आणि थोडं अनियमित. म्हणून तो आवाज ऐकला की अंगावर काटा येतो.

पण सगळंच गोड नव्हतं. ऑक्टोबर १९८४ मध्ये क्वीननं दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला कार्यक्रम केले. तिथं वर्णभेदाची राजवट होती आणि जगभरच्या कलाकारांनी बहिष्कार घातला होता. आपण राजकारण करत नाही, गाणी गातो, असं बँडचं म्हणणं होतं. ते कुणाला पटलं नाही. इंग्लंडच्या संगीतकार संघटनेनं दंड ठोकला. स्वतः आफ्रिकेत जन्मलेल्या, रंगावरून ऐकून घेत मोठं झालेल्या माणसानं हे करावं, हे मला आजही खटकतं. आवडत्या माणसाचं चुकलं की चुकलं म्हणावं.

त्यानंतर वर्षभरात आला १३ जुलै १९८५. इथिओपियातल्या दुष्काळासाठी पैसा उभा करायला लाईव्ह एड नावाचा कार्यक्रम झाला. एकाच दिवशी लंडन आणि फिलाडेल्फियात. वेम्बली स्टेडियममध्ये ७२ हजार लोक, आणि टीव्हीवर दीडशे कोटी लोकांनी बघितल्याचा अंदाज. प्रत्येकाला साधारण वीस मिनिटं. उजेड असतानाच, संध्याकाळी पावणेसातला क्वीन स्टेजवर आलं. पांढरा बनियन, फिकी जीन्स, मिशा. फ्रेडी पियानोवर बसला आणि पुढची एकवीस मिनिटं ते मैदान त्याचं होतं. मधेच त्यानं नुसता आलाप घेतला आणि ७२ हजार लोकांनी तो परत म्हटला. आपल्याकडं कीर्तनात बुवा टाळकऱ्यांना खेळवतात, तसं.

हा व्हिडिओ मी अकरावीत असताना सायबर कॅफेत बघितला. घरचं नेट इतकं हळू होतं की एकवीस मिनिटं बघायला दुपार गेली असती. मला त्या दिवशी एवढंच दिसलं की पाचगणीचा पोरगा मागच्या पियानोवरून उठून पुढं आलाय.

पुढच्या वर्षी, ९ ऑगस्ट १९८६ ला नेबवर्थला लाखाच्या वर लोकांसमोर कार्यक्रम झाला. कुणालाच माहिती नव्हतं, पण क्वीनबरोबर फ्रेडीचा तो शेवटचा कार्यक्रम.

आता दादानं मला जे सांगितलं नव्हतं, ते सांगतो.

घाटावर मी त्याला विचारलं होतं की हा गेला कसा? दादा म्हणाला, आजारी होता, आणि लगेच दुसरं गाणं लावलं. माझ्या लक्षातही राहिलं नाही.

फ्रेडी तरुणपणी मेरी ऑस्टिन नावाच्या मुलीबरोबर सहा-सात वर्षं राहिला. १९७६ च्या सुमारास त्यानं तिला आपल्या मनाचं सांगितलं आणि त्यांचं नवरा-बायकोसारखं नातं संपलं. पण मैत्री मरेपर्यंत टिकली. घर, संपत्तीचा मोठा वाटा त्यानं तिच्याच नावावर केला. शेवटची सहा वर्षं त्याच्याबरोबर होता जिम हटन, साधा केशकर्तन करणारा आयरिश माणूस. ही गोष्ट फ्रेडीनं जगाला कधीच उघडपणे सांगितली नाही. घरात पारशी संस्कार, आई-वडील धार्मिक. बाहेर वर्तमानपत्रवाले टपलेले. आणि १९८० च्या दशकात एड्स आला, तेव्हा तर असं प्रेम करणाऱ्या माणसांकडं लोक रोगासारखंच बघायला लागले.

१९८७ मध्ये फ्रेडीला एड्स असल्याचं निदान झालं. तेव्हा त्यावर धड औषध नव्हतं. निदान म्हणजे शिक्षाच.

इथं सिनेमाबद्दल एक गोष्ट. २०१८ च्या सिनेमात फ्रेडी लाईव्ह एडच्या आधी बँडला आजाराबद्दल सांगतो. तसं झालेलं नाही. निदान दोन वर्षांनी झालं. आणि बँडही तेव्हा फुटलेला वगैरे नव्हता, मे १९८५ पर्यंत ते दौऱ्यावर होते.

निदान झाल्यावर माणूस काय करेल? यानं कामाचा सपाटा लावला. स्पेनची ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये हिच्याबरोबर 'बार्सिलोना' नावाचा अल्बम केला, जो १९८८ मध्ये आला. रॉक गायक आणि ऑपेरा गायिका, असं फारसं कुणी केलं नव्हतं. त्यातलं गाणं पुढं १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकच्या वेळी गाजलं. तोपर्यंत फ्रेडी नव्हता.

मग क्वीनचे दोन अल्बम. स्वित्झर्लंडमध्ये माँत्रो इथं तळ्याकाठी त्यांचा स्टुडिओ होता. फ्रेडीला उभं राहायला त्रास व्हायचा, पण तो गायला जायचा. 'द शो मस्ट गो ऑन' हे गाणं त्याला झेपेल का, अशी ब्रायनला शंका होती. फ्रेडीनं व्होडकाचा एक घोट घेतला आणि गाऊन टाकलं. मे १९९१ मध्ये शेवटचा व्हिडिओ केला, तो कृष्णधवल ठेवला, म्हणजे चेहरा किती उतरलाय ते कमी दिसावं. त्याच सुमारास 'मदर लव्ह' नावाचं एक गाणं तो रेकॉर्ड करत होता. शेवटचं कडवं राहिलं. पुढं येऊन करतो, असं ठरलं होतं. तो आलाच नाही. ते कडवं ब्रायननं गायलं.

२३ नोव्हेंबर १९९१ ला त्यानं निवेदन काढून आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी, २४ नोव्हेंबरला लंडनच्या राहत्या घरी तो गेला. वय फक्त ४५.

अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. आयुष्यभर रंगमंचावर फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगलेला माणूस शेवटी फारुख बलसारा होऊन गेला. अस्थी मेरी ऑस्टिनकडं दिल्या. त्या कुठं ठेवल्या हे तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये वेम्बलीवर त्याच्या नावानं मोठा कार्यक्रम झाला. त्यातून आलेल्या पैशातून मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभा राहिला. एड्सविरोधात तो आजही काम करतो.

नोव्हेंबर २०१८ मध्ये सिनेमा भारतात आला तेव्हा मी पुण्यात कॉलेजला होतो. दादाला फोन केला, म्हटलं चल. दोघं गेलो. थेटरात लाईव्ह एडचा सीन सुरू झाला आणि मागच्या रांगेतल्या पोरांनी पाय आपटायला सुरुवात केली. धप धप टाळी. आम्ही पण.

बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर थांबलो. सप्टेंबरमध्येच सुप्रीम कोर्टानं ३७७ कलमाचा निकाल दिला होता. सज्ञान माणसांनी संमतीनं प्रेम केलं तर तो गुन्हा नाही, असं सांगणारा. दादानं चहा संपवला, कप ठेवला आणि मला स्वतःबद्दल सांगितलं. घरात कुणाला माहिती नव्हतं. मीच पहिला. आणि घाटावर त्यानं गाणं का बदललं होतं, ते मला पाच वर्षांनी कळलं.

मला काय बोलावं सुचेना. मी अजून एक कटिंग सांगितली. नंतर बराच वेळ आम्ही क्वीनची गाणी कुठली भारी यावर भांडत बसलो.

आपल्याकडं फ्रेडीचा विषय निघाला की लोक छाती फुगवून सांगतात, तो आपला, पाचगणीचा. मी पण सांगतो. त्याला मुंबईचं, पाचगणीचं नाव घेताना फारसं कुणी ऐकलं नाही, म्हणून काहींना रागही येतो. पण मला आता वेगळंच वाटतं. नाव, रंग, गाव, प्रेम, आजार. या माणसाला एकेक गोष्ट झाकून ठेवावी लागली आणि फक्त गाताना काही झाकावं लागलं नाही. त्याला आपला म्हणायचं असेल, तर आपल्या घरात, आपल्या वर्गात अशी जी पोरं गप्प बसलेली असतात, त्यांनाही आपलं म्हणावं लागेल. पाचगणी वाईपासून तेरा-चौदा किलोमीटरवर आहे. दादाला तेवढं बोलायला पाच वर्षं लागली.

मागच्या पावसाळ्यात आम्ही दोघं बाईकवर पसरणी घाट चढून गेलो. वर धुकं होतं, समोरचं काही दिसत नव्हतं. शाळेच्या बाहेर पाच मिनिटं थांबलो. आतून पोरांचा गलका येत होता, बहुतेक मधली सुट्टी झाली असावी.

दादानं हेल्मेटवर बोटांनी ठेका धरला. टाळी मी मारली.